फेरीची फळी

चोडणच्या धक्क्यावर फेरी लागते
आणि लोखंडी फळी खडखडत खाली येते
सगळ्यांसाठी:
स्कूटर, मासळीवालीची पाटी, एकदा एक गाभण म्हैस,
आणि बायची चाकांची खुर्ची.
सबंध तालुक्यात आपणहून वाकणारी
मला माहीत असलेली एवढीच सरकारी वस्तू.

बोस्को तिकिटांचं पुडकं चाळत म्हणतो,
चार चाकं आहेत, पण ही गाडी नव्हे.
अकरा वर्षं तो हेच म्हणतो
आणि बाय अकरा वर्षं हसते,
मान एका बाजूला टाकून, उशिरा, पण पुरेपूर.

रायबंदरहून बस. म्हणजे दोन सोडून तिसरी.
ऑफिसला तीन पायऱ्या.
तीनच तर आहेत, वॉचमन दर वेळी सांगतो,
जणू चौथी त्याने आमच्याखातर घरी नेऊन ठेवली.

दर नोव्हेंबरला बाय हयात असल्याचं
मी तिथे नेऊन दाखवतो.
यंत्राला अंगठा हवा.
बायचा अंगठा मुठीच्या आत राहतो
शिंपल्यातल्या जिवासारखा,
ओढला तर दुखतो, पुसला तर घामेजतो.
यंत्र लाल होतं, पुन्हा लाल.
कुलासोबाई चष्म्यावरून बायकडे बघतात,
बाय त्यांच्याकडे.
"फाल्यां येयात," त्या म्हणतात आणि स्वतःच ओशाळतात,
कारण उद्या म्हणजे परत फेरी, तिसरी बस, तीन पायऱ्या.

दाखल्यावर लिहिलंय ऐंशी टक्के.
उरलेल्या विसात काय बसतं ते मोजायला कुणी आलं नाही:
धुक्यात इंजिनाच्या आवाजावरून कुठली फेरी ते ओळखणं,
माझं खोटं हसू पकडणं,
आणि ती तीन वर्षं,
डिचोलीच्या केंद्रात डाव्या हाताच्या दोन बोटांनी
ती काजू निवडायची तेव्हाची.
अख्खे इकडे, पाकळ्या तिकडे, तुकडा तिसऱ्या ताटात.
महिनाअखेर पाकीट, त्यावर तिचं नाव, शाईने.
मग एका मार्चला अनुदान संपलं.
ताटं मोजून कपाटात गेली, कुलूप लागलं;
किल्ली कुणाच्या ताब्यात, यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.
छत्तीस रिकामी पाकिटं बायच्या उशाखाली.

यंदा अर्ज नवा. त्यात माझ्यासाठीही एक रकाना:
सांभाळणाऱ्याचा व्यवसाय.
मी बार्जवर होतो. आई गेली, मी उतरलो.
त्यानंतर जे करतो, त्याला एका शब्दात बसेल असं नाव नाही.
पहाटे कूस बदलून देणं.
भात कालवणं, मऊ, पण लापशी नव्हे.
पाठीवर जखम धरू नये म्हणून पावडर, धरलीच तर मलम,
आणि घास अडकला की ते अर्धं मिनिट.
रकाना दीड इंचाचा.
मी आडवी रेघ ओढली.
कुलासोबाई म्हणाल्या, रेघ चालत नाही हो,
"नाही" असं अक्षरात लिहा.

लिहिलं.

परतीच्या फेरीत बाय काहीतरी म्हणाली.
तिचं बोलणं कळायला
गढूळ पाणी बसेपर्यंत थांबावं लागतं.
चौथ्यांदा कळलं:
"आनी तुजो दाखलो कोण दिता?"

मी हसलो, आणि तिने ते पकडलंही.
मग खारफुटीकडे बघत बसलो.
तिथे मगर असते म्हणतात. मला कधी दिसलेली नाही.

धक्का जवळ आला. बोस्कोने साखळी सोडली.
ब्रेक काढायला मी वाकलो
तर बायने मूठ माझ्या केसांत टेकवली
आणि दाबून धरली,
अंगठा आतच.
फळी जमिनीला लागली होती.
मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागले.